गारपीट येऊन राहिली: सातपुड्याच्या पायथ्याशी नवीन आलेल्यांसाठी

माझं माहेर नागपूर शहरातलं आणि सासर अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, अंगणात उभं राहून उत्तरेकडं पाहिलं की चिखलदऱ्याकडचा डोंगर दिसते. लग्न होऊन आले तेव्हा गार म्हणजे वेचून ग्लासात टाकायची आणि पोट्ट्यांनी नाचायचं एवढंच मला माहीत होतं. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये विदर्भ मराठवाड्यात गारपीट झाली, आमच्या शिवारात दहा मिनिटंही नसेल झाली, पण सोंगून म्हणजे कापून ठेवलेला हरबरा आणि झाडावरचा संत्र्याचा मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची फळं) दोन्ही डोळ्यासमोर गेलं. त्यानंतर मी मामाजींच्या म्हणजे सासऱ्यांच्या मागं मागं फिरून एकेक गोष्ट शिकले. आता नोकरी सोडून गावी शेती करायला आलेले, नवीन लग्न होऊन आलेल्या, मेळघाटात बदली होऊन आलेले शिक्षक, नर्सताई असे बरेच जण दर हिवाळ्यात तेच तेच विचारतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते. गार थांबवणं कोणाच्याच हातात नाही. पण आधीचे दोन दिवस आणि नंतरचे चार दिवस आपल्या हातात असतात, आणि माझ्या अनुभवानं अर्धं नुकसान या सहा दिवसांत होते किंवा वाचते.

आधी हे येते कुठून ते थोडक्यात

टीव्हीवर हिमाचल, काश्मीरात बर्फ पडल्याच्या बातम्या येतात ना, तो बर्फ पाडणारी सिस्टीम भूमध्य समुद्राकडून पश्चिमेकडून येते, तिला पश्चिमी विक्षोभ म्हणतात. ती पुढे सरकताना वरच्या थरात थंड कोरडी हवा आणते आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून खाली दमट हवा आली की दोन्हीची भेट मध्य भारतावर म्हणजे आपल्या डोक्यावर होते. खालची गरम दमट हवा जोरात वर चढते, डोंगराचा उतार तिला आणखी वर ढकलते, ढगात पाण्याचे थेंब गोठतात, वर चढणारा वारा त्यांना तोलून धरते आणि त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात, वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की खाली. एखादी मोठी गार विळीवर कापून पाहा, कांद्यासारखे पदर दिसतात, एक दुधासारखा पांढरा, एक काचेसारखा स्वच्छ. पावसाळ्यात ढग मोठे असतात तरी गार फारशी खाली पोचत नाही कारण गोठणबिंदूची पातळी खूप उंच असते आणि येता येता ती वितळून जाते, हिवाळ्यात ती पातळी खाली आलेली असते. म्हणून डिसेंबर ते मार्च हा आपला धोक्याचा काळ, आणि नेमका तेव्हाच हरबरा, गहू, तूर, संत्रा सगळं वावरात असते. हिमाचलात बर्फ पडला म्हणजे इकडं गार पडेलच असं नाही, पण तिकडची बातमी ऐकली की मी इकडचा अंदाज उघडून पाहते.

स्टेप १: अंदाज रोज पाहायचा, नीट वाचायचा

हवामान खात्याचं नागपूरचं प्रादेशिक केंद्र विदर्भाच्या प्रत्येक जिल्ह्यासाठी पुढच्या काही दिवसांचा इशारा देते. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आत्ता हालचाल करा. नवीन लोक रंग पाहतात आणि सोडून देतात, खाली काय लिहिलं ते वाचत नाहीत. "मेघगर्जनेसह पाऊस" आणि "गारपिटीची शक्यता" यात जमीन अस्मानाचा फरक आहे, पिवळ्या रंगाखाली गारपीट शब्द असला तरी मी ताडपत्री बाहेर काढते. मोबाईलमध्ये तीन अॅप ठेवा, मौसम, मेघदूत आणि दामिनी. मेघदूतवर जिल्ह्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येते, दामिनी वीज कुठं पडून राहिली ते दाखवते, आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या घेरातली. दामिनीला लोकेशनची परवानगी द्यावी लागते, नाहीतर ते गप्प बसते. व्हॉट्सअॅपवर फिरणारे "उद्या महाभयंकर गारपीट" वाले मेसेज पुढे पाठवू नका, दोन वेळा खोटे निघाले की तिसऱ्या वेळी खऱ्या इशाऱ्याकडंही गाव पाहत नाही.

आणखी एक, गार पट्ट्यानं पडते. आमच्या धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या अलीकडं हरबऱ्याची चटणी झालेली आणि पलीकडच्या वावरात घाटे जसेच्या तसे, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यामुळं "मागच्या वेळी इशारा होता, काही आलं नाही" हे कोणी म्हणालं तर ते इशाऱ्याचं खोटेपण नाही, पट्टा बाजूनं गेला इतकंच.

स्टेप २: इशारा आला, दोन दिवस हातात आहेत

सगळ्यात अवघड निर्णय हरबऱ्याचा असते, सोंगायचा की उभा ठेवायचा. घबराटीत सोंगू नका. आम्ही तेच केलं होतं, मजूर मिळाले म्हणून सगळा सोंगून टाकला आणि थ्रेशर दुसऱ्या गावात अडकलेलं, ढिगारे तसेच वावरात पडलेले आणि वरून गार. उभ्या पिकाला पाऊस लागला तर ते वाऱ्यानं सुकते तरी, जमिनीवर पडलेलं खालून ओलं राहते, काळं पडते, कोंब येतात. आता आमचा नियम असा आहे की जेवढं त्याच दिवशी गोळा करून गंजी लावून झाकता येते तेवढंच सोंगायचं, पीक वाळलेलं असेल आणि थ्रेशर दारात असेल तर मग रात्रीचं जागून काढून घ्यायचं, पण घाटे हिरवे असतील तर हातच लावायचा नाही, देवावर सोडायचं.

गंजी लावायची जागा उंचवट्यावरची पाहा, खाली पऱ्हाट्यांचा म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा थर द्या म्हणजे खालून ओल चढत नाही, भोवती हातभर नाली काढा. ताडपत्री वरून नुसती टाकून चार दगड ठेवले की झालं असं नवीन माणसाला वाटते, पण गारेच्या आधी जो वारा सुटते तो दगडासकट ताडपत्री उडवते. दोरी आडवी उभी फिरवून खुंटीला बांधा आणि वारा बहुतेक ज्या बाजूनं येते त्या बाजूची कड मातीखाली दाबा. ताडपत्री डिसेंबरातच एकदा उन्हात पसरून भोकं पाहून घ्या, इशारा आला की तालुक्याच्या दुकानात ती संपलेली असते किंवा महाग झालेली असते.

गव्हाला इशारा असताना पाणी देऊ नका. जमीन ओली, वर ओंबी भरलेली, वारा आला की झोपलाच समजा. रात्रीची लाईन आहे म्हणून पाणी द्यायचा मोह होते, दोन दिवस थांबलं तर गहू मरत नाही. वेचलेला कापूस पडवीत असेल तर भिंतीपासून दूर आणि टिनाच्या भोकाखालून हलवा.

संत्र्याचं दुखणं वेगळं आहे. फेब्रुवारीत मृग बहाराची फळं तोडायला आलेली असतात आणि त्याच वेळी आंबिया बहाराचा फुलोरा सुरू असते, म्हणजे एका गारपिटीत ह्या वर्षीचा हातातला माल आणि पुढच्या दिवाळीच्या आसपासचा माल दोन्ही जाऊ शकतात. तयार फळ असेल तर व्यापाऱ्याशी शंभर रुपयांवरून घासाघीस करत बसू नका, तोडा. लदलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू द्या. हिमाचलात सफरचंदाच्या बागेवर गारारोधक जाळ्या लावतात, आपल्याकडं एवढ्या मोठ्या बगीच्यावर तो खर्च बहुतेकांना झेपत नाही, रोपवाटिका असेल तर मात्र शेडनेट जरूर लावा.

घरचं काम पटापट उरकायचं. दळण आणून ठेवा, पाणी भरून ठेवा, मोबाईल आणि टॉर्च चार्ज करा, कारण खांब पडले की गावाची लाईट दोन तीन दिवस येत नाही आणि चक्की, नळ, मोबाईलचा टॉवर सगळं तिच्यावरच चालते. कवेलूचं म्हणजे कौलांचं घर असेल तर अंथरूण पांघरूण, धान्य आणि पोरांची दप्तरं एका कोपऱ्यात प्लास्टिकखाली. टिन असेल तर कडेचे खिळे पाहा. मोटारीचा स्टार्टर आभाळ भरून यायच्या आधीच मेन स्विचपासून बंद करा, वीज कडकडायला लागल्यावर वावरात स्टार्टर बंद करायला जाणं हा जिवाचा धोका आहे, मोटार जळली तर जळू द्या.

स्टेप ३: गार येऊन राहिली हे ओळखायचं कसं

बहुतेक वेळा दुपारनंतर येते, कधी रात्रीही. सकाळपासून फेब्रुवारीत न शोभणारा उकाडा असते, अंग चिकट होते, मग डोंगरावर ढग उभे चढत जातात, खालून काळे आणि कधी त्यात हिरवट झाक. वारा एकदम पडते, पाखरं गप्प होतात. मग थंडगार झुळूक येते, फ्रीजचं दार उघडल्यासारखी, आणि ती अंगाला लागली की समजायचं आता वेळ नाही. त्यानंतर आवाज येते. मामाजी म्हणायचे, "दुरून ट्रकमधून गिट्टी ओतल्यासारखं ऐकू आलं की बापा हातातलं तिथंच टाकायचं अन् घर धरायचं." खरंच तसाच आवाज असते, गार दिसायच्या आधी येते.

आता जीव वाचवायची गोष्ट, इथं मी कडक बोलणार. गारेपेक्षा तिच्यासोबतची वीज माणसं मारते. विजेचा लख्ख उजेड दिसला की एक दोन तीन मोजा, ३० च्या आत गडगडाट ऐकू आला तर ती आपल्यापर्यंत पोचू शकते, पक्क्या घरात जा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटं बाहेर निघू नका. वावरातल्या एकट्या कडुनिंबाखाली, मोहाखाली उभं राहायचं नाही, कितीही पाऊस लागला तरी. उघडा ट्रॅक्टर, चारी बाजूंनी उघडी टिनाची झोपडी, तारेचं कुंपण, विहिरीचा लोखंडी पाईप यांच्यापासून दूर. बंद काचेची गाडी चालते. काहीच आसरा नसेल तर उंचवट्यावरून खाली या, सगळे घोळक्यानं उभे राहू नका, पांगा, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा, कान झाका, आडवं झोपू नका. गार सुरू झाली आणि संत्रा तोडणी चालू असेल तर प्लास्टिकचं कॅरेट पोत्यात घालून डोक्यावर धरा, डोकं आणि मान वाचली पाहिजे, पाठीला लागलेलं बरं होते. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर करंट लागते असं गावात अजून बोलतात, ते चूक आहे. त्याच्या अंगात करंट राहत नाही, श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरू करा आणि १०८ लावा.

घरात असाल तर कवेलूच्या खाली मधोमध बसू नका, भिंतीला लागून किंवा दिवाणाखाली. आणि पोट्ट्यांना धरून ठेवा. बोराएवढी गार पडत असते, पोरं अंगणात धावतात, आणि दुसऱ्या मिनिटाला लिंबाएवढी येते.

जनावरांचं आधी करायचं ते इथं सांगते कारण बहुतेक जण इथंच चुकतात, आभाळ पाहून माणूस घरी येते आणि बकऱ्या चरायला डोंगराकडं असतात. इशाऱ्याच्या दिवशी बकऱ्या, वासरं दुपारी लवकर आणा. गोठ्यात कोरडं कुटार म्हणजे भुसा काढून ठेवा आणि बैल बाहेरच्या झाडाला बांधून ठेवू नका.

मेळघाटात नवीन असाल तर

चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, खाली परतवाड्यात ऊन असते आणि वर ढगात काही दिसत नाही असं होते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट किंवा घटांग, सेमाडोह, हरिसालवरून धारणीचा रस्ता, दोन्हीकडं जंगल, वादळात सागाच्या, ऐनाच्या फांद्या रस्त्यावर येतात आणि बऱ्याच जागी मोबाईलला रेंज नाही. निघतानाच घरी सांगून निघा कुठल्या रस्त्यानं चाललात. ढग उतरला तर पुढचं गाव गाठून थांबा, कोरकू गावात अनोळखी माणसालाही पडवीत बसवून चहा पाजतात, लाजू नका. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याच्या तटावर किंवा पॉईंटवर विजेचा फोटो काढायला उभं राहणं म्हणजे सगळ्या डोंगरात आपणच सगळ्यात उंच होणं.

स्टेप ४: गार थांबली

आधी माणसं मोजा, मग जनावरं. तुटलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असं समजू नका, लोकांना दूर ठेवा आणि महावितरणच्या १९१२ वर सांगा. भिजलेल्या जनावराला पोत्यानं पुसून कोरडं करा, कोरडा चारा द्या, गारेनं झोडलेला ओला हिरवा पाला एकदम भरपेट खाऊ देऊ नका, पोट फुगते. जखम असेल तर १९६२ वर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन. वावरात पाणी साचलं असेल तर धुरा फोडून त्याच दिवशी वाट करून द्या. भिजलेली गंजी उघडून पसरा, दर दोन तासांनी परता.

आणि आता थांबा. काही साफ करू नका. आमच्याकडं त्या वर्षी गार थांबल्यावर बगीच्यात गेलो तर सगळ्या शिवारात संत्र्याचा वास, इतका गोड की छातीत कालवलं, झाडाखाली फळं आणि गारा एकमेकांत मिसळलेल्या, दोन पोपट मरून पडलेले. ते पाहवेना म्हणून मी आणि जाऊबाईंनी दुसऱ्या दिवशी बुडं साफ केली, फळं खड्ड्यात टाकली. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याची माणसं आली, झाडं हिरवीगार आणि बुडं स्वच्छ. त्यांनी जेवढं दिसलं तेवढंच लिहिलं. तो राग माझा स्वतःवरच आहे अजून.

म्हणून फोटो आधी. तारीख वेळ आणि लोकेशन छापून येणारा जीपीएस कॅमेरा अॅप वापरा, वावराच्या चारी कोपऱ्यांतून, मधून, जवळून, दुरून, स्वतः त्यात उभं राहून. गारांचा फोटो शेजारी माचिस किंवा नाणं ठेवून वितळायच्या आत. मग तलाठी आणि कृषी सहायकाला फोन आणि लेखी अर्ज, अर्जाच्या प्रतीवर पोच सही घ्या. जिल्ह्याला वेगळं कळवायचं असेल तर तिथल्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७ आहे. सरकारी मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागते, त्यामुळं पंचनाम्यात टक्का किती लिहिला ते सही करायच्या आधी वाचा, मान राखून पण विचारा. सातबाऱ्यावर पीकच नोंदलेलं नसेल तर सगळं अडते, ई-पीक पाहणी म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद रब्बीची मुदत असतानाच करून ठेवा.

विम्याचं वेगळं आहे, पंचनामा झाला म्हणजे विम्याला कळलं असं नाही. पीक विम्यात गारपिटीसारखं स्थानिक नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचा नियम राहिला आहे, हेल्पलाईन १४४४७ किंवा पीक विम्याचं अॅप, आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवायचा. पण राज्यात कुठल्या हंगामाला कुठलं कव्हर चालू आहे हे बदलत राहते, म्हणून विमा काढतानाच सेवा केंद्रात विचारा गारपीट यात आहे का. संत्र्याच्या फळपीक विम्यात गारेचं कव्हर जास्तीचा हप्ता भरून घ्यावं लागते, कितीतरी लोकांना हे नुकसान झाल्यावर कळते.

स्टेप ५: संत्र्याचे पुढचे दिवस

गार लागलेलं संत्र पहिल्या दिवशी चांगलं दिसते, सालीवर टाचणीच्या डोक्याएवढा नाहीतर बारीक वाटाण्याएवढा ठिपका. तीन चार दिवसांनी तो तपकिरी होऊन दबते, मग बुरशी लागते आणि आठवड्यात देठापासून गळते. म्हणजे पहिल्या दिवशीचं नुकसान हे खरं नुकसान नसते. मी आता बगीच्यात वेगवेगळ्या जागची पाच झाडं धरते, त्यांना लाल चिंधी बांधते, पहिल्या दिवशी खाली पडलेली फळं मोजून फोटो, मग चौथ्या आणि आठव्या दिवशी परत मोजून फोटो. पंचनामा लवकर झाला असेल तर ह्या मोजणीवर वाढीव नुकसानीचा अर्ज देता येते, मान्य होईलच असं नाही, पण हातात कागद असते.

मोडलेल्या फांद्या धारदार करवतीनं जोडापासून कापा, ओरबाडू नका. गार फांदीच्या वरच्या बाजूची साल सोलून काढते, खालून उभं राहून ती दिसत नाही, शिडी लावून वरून पाहा. कापलेल्या आणि सोललेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा, लोखंडाच्या भांड्यात नाही, मग एकत्र करा आणि घासून चकचकीत केलेलं विळ्याचं पातं त्यात बुडवून पाहा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, थोडा वाढवा. पानं कोरडी झाली की झाडावर कॉपर ऑक्सिक्लोराईड १० लिटर पाण्याला ३० ग्रॅम या प्रमाणात फवारा, हातमोजे आणि तोंडाला कापड बांधून, आणि फुलोरा जोरात असेल तर आधी कृषी सहायकाला किंवा नागपूरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेला विचारून घ्या.

गळालेली फळं पंचनामा होईपर्यंत झाडाखालीच, नंतर मात्र एक दिवसही ठेवू नका, बगीच्याबाहेर खड्डा करून मातीखाली गाडा, वर चुना टाका. ठिपका नसलेली फळं वेगळी काढून दोन दिवसांत विका, साठवायला जाऊ नका, एक सडकं कॅरेटमधल्या बाकीच्यांना लागते. आणि लाल चिंध्या एप्रिलपर्यंत सोडू नका, त्याच झाडांवर आंबियाची किती फळं धरली ते मोजायला त्या कामाला येतात.